काल आलेला आणि काल गेलेला : मागाच्या आवाजाचा कानांवरचा परिणाम वर्षानुवर्षं कसा मोजायचा

इचलकरंजीतल्या कुठल्याही यंत्रमागाच्या शेडमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलंत की स्वतःचंच बोलणं ऐकू येईनासं होतं. तिथल्या कामगाराला मात्र त्याचं काही वाटत नाही. तो तुमच्या तोंडाकडे बघतो, ओठ वाचतो, आणि दोन बोटांनी तुटलेला धागा गाठत मानेनंच उत्तर देतो. या गावात पहिला यंत्रमाग आला 1904 साली. तेव्हापासून धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं शटल, इकडून तिकडे आपटतोच आहे.

'मागवाल्यांना कमी ऐकू येतं' हे अख्ख्या गावाला माहीत असतं. पण किती जणांना? कामाला लागल्यापासून किती वर्षांत? जुन्या शटलच्या मागांऐवजी रेपियर किंवा एअरजेट, म्हणजे धोट्याविना चालणारे नवे माग, आले तिथे फरक पडला का? असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. हा लेख या प्रश्नांची उत्तरं शोधायला निघालेल्या नव्या माणसासाठी आहे, मग तो सेफ्टी ऑफिसर असो, संघटनेचा कार्यकर्ता असो की आरोग्यसेविका. कान हे उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण इथे कारणही आकड्यात येतं आणि परिणामही. हीच पद्धत पुढे फाउंड्रीतल्या फुफ्फुसांना किंवा हमालाच्या पाठीला लावता येते.

पहिली पायरी : प्रश्न एका ओळीत लिहा

'कामगारांच्या आरोग्याचा सर्व्हे' हा प्रश्न नव्हे. असे सर्व्हे खूप होतात. वजन, रक्तदाब, साखर, एक फोटो, आणि फाइल कपाटात. प्रश्न असा हवा: 'या आठ शेडमध्ये मागावर काम करणाऱ्यांची ऐकण्याची पातळी तीन वर्षांत किती घसरते, आणि त्याच आवारात पण आवाजापासून दूर काम करणाऱ्यांपेक्षा ती घसरण जास्त आहे का?' यात कोण, काय, किती काळ आणि कुणाशी तुलना हे चारही आलं. ही ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मध्येच कुणीतरी 'एवढं करताच आहात तर डोळेही तपासा' म्हणणारच आहे. तेव्हा ही ओळ उपयोगी पडते.

दुसरी पायरी : आवाज मोजा, शेडचा नाही, माणसाचा

ध्वनिमापक यंत्र भाड्याने मिळतं. मोबाइलवरची अ‍ॅप्स अंदाजापुरती ठीक, नोंदीसाठी नाही. यंत्रावर 'ए' वजन (माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं तसं मोजणारं) आणि 'स्लो' प्रतिसाद (आकडा फार न नाचवणारा) लावा. रोज सुरुवातीला आणि शेवटी कॅलिब्रेटर, म्हणजे ठरावीक आवाज सोडणारं छोटं उपकरण, लावून यंत्र 94 डेसिबल दाखवतंय का ते बघा. यंत्र कामगाराच्या कानाच्या उंचीवर, त्याच्या नेहमीच्या उभं राहण्याच्या जागी धरा. शेडच्या मधोमध उभं राहून एकच आकडा घेऊन निघू नका. भिंतीकडच्या चार मागांवरचा माणूस आणि मधल्या रांगेतला माणूस यांच्या वाट्याला सारखा आवाज येत नाही, आणि वर पत्रा असला की आवाज परतून येतो. जमलं तर डोसीमीटर, म्हणजे माणसाच्या वाट्याला आलेला एकूण आवाज नोंदवणारं यंत्र, घ्या. खांद्याला अडकवलं की पूर्ण पाळीभर माणसाबरोबर फिरतं.

शटलच्या मागांच्या शेडमध्ये आकडा साधारण 95 ते 100 च्या आसपास येतो. डेसिबलचं गणित सरळ नाही, हे नव्या माणसाला सुरुवातीलाच पचवावं लागतं. सारख्या आवाजाची दोन यंत्रं एकत्र चालली तर आकडा दुप्पट होत नाही, फक्त 3 ने वाढतो. उलट दिशेलाही तेच. मालक म्हणाला 'तुमच्यासाठी निम्मे माग बंद ठेवतो', तरी आकडा जेमतेम 3 ने उतरेल.

आता पाळीचा हिशोब. आपल्याकडे कारखान्यांसाठी वापरली जाणारी मर्यादा 8 तासांना 90 डेसिबल, आणि पुढे दर 5 डेसिबलला वेळ निम्मी: 95 ला 4 तास, 100 ला 2 तास. पण मागावरची पाळी सर्रास 12 तासांची. त्याच सूत्राने 12 तासांना मर्यादा निघते सुमारे 87. अमेरिकेतली कामगार-आरोग्य संशोधन संस्था, निऑश, याहून कडक हिशोब सुचवते: 8 तासांना 85, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. त्याने 12 तासांना सुमारे 83. म्हणून नोंदवहीत नुसतं '97 डेसिबल' लिहू नका. '97 डेसिबल, 12 तास, आठवड्याला 6 दिवस' असं लिहा. शिवाय मजुरी विणलेल्या मीटरवर मिळते, पिकांप्रमाणे (पिक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी), त्यामुळे जेवणाच्या सुट्टीतही माग चालू ठेवणारे असतात. तो अर्धा तासही त्यातच धरा.

तिसरी पायरी : शांततेचे 14 तास कुठून आणायचे

मोठ्या आवाजात राहिल्यावर कान काही काळ बधिर होतो आणि विश्रांतीनंतर बराचसा सावरतो. ही तात्पुरती घट. कायमची घट मोजायची तर चाचणीआधी निदान 14 तास कान शांत हवा, असा सर्वसाधारण नियम आहे. अमेरिकेतल्या पुस्तकात हे वाचताना काही वाटत नाही. तिथे दोन पाळ्यांत 16 तासांचं अंतर असतं. इथे 12 तास काम, 12 तास सुट्टी. म्हणजे कामाच्या दिवशी 14 तासांची शांतता गणितातच बसत नाही.

मी पहिल्या वर्षी इथेच फसले. रातपाळी सुटल्यावर सकाळी साडेसातला, शेडच्या दारातूनच, बाविसेक जणांच्या चाचण्या घेतल्या. निकाल भयंकर आले. आम्ही मोठ्या तोंडाने सांगतही फिरलो. मग त्यातल्या सहा जणांना सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी परत बसवलं, तर पाच जणांचे आकडे चक्क सुधारलेले. आम्ही जे मोजलं होतं ते त्या रात्रीचं होतं, नोकरीतल्या वर्षांचं नव्हतं.

म्हणून चाचणी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, शेवटची पाळी सुटून 14 तास झाल्यावर घ्या, किंवा सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीआधी. सुट्टीचा दिवस मागायचा तर त्या माणसाला काहीतरी द्यावं लागतं: चहा-नाश्ता, येण्याजाण्याचा खर्च, आणि मुख्य म्हणजे तासाभरात मोकळं करायचा शब्द, जो पाळायचा. आणि गणपतीत चाचण्या ठेवू नका. आदल्या रात्री मिरवणुकीत डॉल्बीपुढे नाचून आलेल्या पोराचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, मागाबद्दल काहीच सांगत नाही.

चौथी पायरी : चाचणी

आधी कानात डोकावून बघा. मळ साचलेला असतो, पडद्याला भोक असतं, कान वाहत असतो. अशांना डॉक्टरांकडे पाठवा आणि बरे झाल्यावर बोलवा. मग हेडफोनमधून सूर सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं: दोन्ही कान वेगवेगळे, 500, 1000, 2000, 3000, 4000, 6000 आणि 8000 हर्ट्झवर. प्रत्येक सूर सगळ्यात हळू किती डेसिबलला ऐकू येतो तो आकडा लिहायचा; आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी, आणि आलेखावर रेघ तितकी खाली. आवाजाने होणारी घट पहिल्यांदा 3000 ते 6000 च्या पट्ट्यात, बहुधा 4000 ला, खड्ड्यासारखी दिसते आणि 8000 ला रेघ पुन्हा वर येते. वयाने जाणाऱ्या कानात रेघ 8000 पर्यंत उतरतच जाते. दोन्ही एकत्र आले की खड्डा बुजतो, म्हणून पन्नाशीच्या माणसाच्या एका ऑडिओग्रामवरून छाती ठोकून काही बोलू नये.

खोली शांत हवी, आणि हे सांगायला जितकं सोपं तितकं मिळायला कठीण. शेडशेजारच्या दिवाणजींच्या खोलीत चाचणी घेतलीत तर जमिनीतून येणारी घरघर 500 हर्ट्झचा सूर गिळून टाकते. ओळखायची खूण सोपी: सगळ्यांचेच 500 चे आकडे वाईट येत असतील तर दोष कानांचा नाही, खोलीचा. शाळेचा वर्ग, समाजमंदिर, दवाखान्याची आतली खोली बघा. पंखा बंद. एप्रिलमध्ये पंखा बंद करून बसणं ही एक वेगळीच परीक्षा, पण करावी लागते.

आणि माणूस तुमच्या हाताकडे पाठ करून बसवा. एक मामा, तीस वर्षं मागावर काढलेले, दर वेळी बटण अचूक दाबत होते. इतकं अचूक की माझा विश्वास बसेना. नंतर लक्षात आलं, मी सूर सोडताना माझं कोपर हलायचं आणि त्यांची नजर कोपरावर. त्यांना फसवायचं नव्हतं. शेडमध्ये सगळं बघूनच ऐकायची सवय, तेच ते इथेही करत होते. खुर्ची फिरवली आणि 4000 ला 65 डेसिबलपर्यंत काही हाललं नाही.

पाचवी पायरी : बाकीचं विचारा, पण थोडक्यात

एका पानात मावेल इतकंच. वय. मागावर एकूण वर्षं, फक्त या शेडमधली नव्हे, कारण भिवंडीत किंवा मालेगावात काढलेली दहा वर्षं कानात आहेतच. टीबीसाठी इंजेक्शनं घेतली होती का, कारण त्यातली काही औषधं कानाला इजा करतात. मधुमेह. लहानपणी कान फुटलेला. कानात काय घालतात: बरेच जण कापसाचा बोळा घालतात, आणि त्याने आवाज फारसा अडत नाही. 'टिनिटस आहे का' असं विचारलंत तर कुणी उत्तर देणार नाही. 'रात्री सगळं शांत झाल्यावर कानात रातकिडे ओरडतात का' असं विचारलं की मान हलते. घरी टीव्हीचा आवाज कोण मोठा करतं, हाही चांगला प्रश्न, मात्र तो घरच्यांना विचारावा.

कामगार उत्तर प्रदेशचा, बिहारचा किंवा कर्नाटकातला असेल तर प्रश्न त्याच्या भाषेत हवेत. शेजारच्या मागावाल्याला दुभाषा करू नका. सगळी उत्तरं एकाच माणसाची निघतात.

सहावी पायरी : तुलना कुणाशी

1886 साली ग्लासगोच्या थॉमस बार या कानांच्या डॉक्टरने बॉयलर बनवणारे 100, लोखंड ओतणारे 100 आणि टपाल वाटणारे 100 अशा तीनशे जणांची श्रवणशक्ती खिशातल्या घड्याळाच्या टिकटिकीवर तपासली. बॉयलरवाले सगळ्यात मागे पडले. आजही मला यातले टपालवाले सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. त्यांच्याशिवाय बाकीच्या दोनशे आकड्यांना काही अर्थ नव्हता.

तुमचे टपालवाले शोधा. घडी करणारे, गोदामातले, दिवाणजी, टेम्पोवाले. वय आणि राहणी जवळपास सारखी, आवाज मात्र वेगळा. शहरातल्या बँकेतले कर्मचारी घेऊ नका, त्यांचं सगळंच वेगळं असतं. कांडी (धोट्यात बसणारी धाग्याची गुंडाळी) भरणाऱ्या बायका बहुतेक वेळा शेडच्याच कोपऱ्यात बसतात, तेव्हा त्यांना 'मागावर नाहीत' म्हणून शांत गटात टाकायची चूक होते. आधी त्यांच्या कानाजवळ यंत्र धरा, मग ठरवा.

सातवी पायरी : दुसरं वर्ष

खरं मोजमाप इथे सुरू होतं. त्याच माणसाची, त्याच कानाची, शक्यतो त्याच यंत्राने आणि त्याच खोलीत पुन्हा चाचणी. यंत्राचं वार्षिक कॅलिब्रेशन मधल्या काळात झालं असेल तर तारीख लिहा. एकाच माणसाला दोनदा बसवलं तरी 5 डेसिबलचा फरक सहज येतो, त्यामुळे 5 वर आरडाओरडा नको. चालणारा नियम असा: 2000, 3000 आणि 4000 हर्ट्झच्या आकड्यांची सरासरी पहिल्या चाचणीपेक्षा 10 किंवा जास्त डेसिबलने वाढली, म्हणजे ऐकणं तेवढं घसरलं, तर ती घट मानायची.

समजा उजव्या कानाचे पहिले आकडे 10, 15, 20. सरासरी 15. वर्षाने 15, 25, 40 आले. सरासरी 26.7. फरक 11.7, म्हणजे घट. महिन्याभराच्या आत, शांत कानाने, पुन्हा एकदा तपासून पक्कं करा. लक्षात घ्या, हा माणूस अजून सगळं नीट ऐकतो. डॉक्टरकडे गेला तर 'काही नाही' असंच सांगतील. वर्षानुवर्षं मोजण्याचा फायदा हाच, की तक्रार येण्याआधी घसरण दिसते.

कामाच्या परिस्थितीची डायरीही चालू ठेवा. नवे माग कधी आले, पत्र्याखाली काही लावलं का, चार मागांवरून सहा माग कधी दिले, धंदा मंदावून शेड किती दिवस बंद होतं. मंदीतले बंद महिने आवाजातल्या वर्षांत मोजले तर सगळा हिशोब बिघडतो.

काल आलेला

आवाजाने कानाचं जे नुकसान व्हायचं, त्यातला 4000 हर्ट्झचा मोठा भाग पहिल्या 10-15 वर्षांतच होऊन जातो. पुढे तिथली घसरण मंदावते आणि मग बोलण्याचा पट्टा, 2000 च्या आसपास, हळूहळू धरला जातो. याचा व्यवहारातला अर्थ: पंचवीस वर्षं झालेल्या माणसाची दोन वर्षांतली घट बघाल तर जवळजवळ काहीच दिसणार नाही, आणि मालक म्हणेल 'बघा, आवाजाने काही होत नाही'. ज्याचं जायचं ते केव्हाच गेलेलं असतं.

म्हणून परवा गावाकडून आलेला, अजून धागा गाठायला शिकणारा एकोणीस वर्षांचा मुलगा तुमच्या वहीत सर्वात आधी हवा. मागावर उभं राहण्यापूर्वीच त्याची पहिली चाचणी झाली तर उत्तम. नवा माणूस आला की कळवायला दिवाणजींना सांगून ठेवा, आणि दर महिन्याला स्वतः विचारा, कारण ते विसरतात.

निकाल कुणाला

आधी कामगाराला, त्याच्या हातात, समजावून. मालकाला फक्त शेडनिहाय आकडे, नावं नाहीत. एकदा नाव गेलं की 'कान गेलेला माणूस' म्हणून त्याला काढून टाकायला कारण मिळतं, आणि पुढच्या वर्षी तुमच्याकडे कुणी फिरकत नाही. ही अट पहिल्याच दिवशी मालकाकडून लेखी घ्या, आणि कामगाराची संमतीही. आवाजाने आलेला बहिरेपणा नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे. विमा योजनेत असलेल्याला पुढे दावा करायचा झाला तर तुमचा पहिला ऑडिओग्राम हाच त्याचा पुरावा, म्हणून त्याची प्रत लॅमिनेट करून द्या. छोट्या शेडमधले बरेच जण अशा योजनेत नसतातच. त्यांना खोटी आशा दाखवू नका.

काल गेलेला

आता सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात टाळलं जाणारं काम. तीन वर्षांनी शेडमध्ये गेलात तर यादीतले निम्मे चेहरे नसतात. कुणी गावी परतला, कुणी दुसऱ्या शेडला, कुणी रिक्षा घेतली. ज्यांना त्रास झाला तेच आधी सोडतात. उरलेले म्हणजे टिकलेले. फक्त टिकलेल्यांना मोजून 'आरोग्य चांगलं आहे' असं लिहिणं हा या क्षेत्रातला सर्वात जुना घोटाळा.

आकड्यांत बघू. समजा 40 जणांपासून सुरुवात केली. तीन वर्षांनी कामावर 22, त्यातल्या 4 जणांत घट. म्हणजे 18 टक्के. आता सोडून गेलेल्या 18 पैकी 11 जण शोधून तपासले आणि त्यांच्यातल्या 5 जणांत घट निघाली. एकूण 33 पैकी 9, म्हणजे 27 टक्के. उरलेल्या 7 जणांचं काय झालं ते कळलं नाही, आणि अहवालात तेही 7 म्हणून दिसलं पाहिजे. 'संपर्क होऊ शकला नाही' या वाक्याखाली गाडून टाकू नका.

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात तागाच्या मागांवरच्या बायकांचा अभ्यास 1965 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात कामावरच्या बायकांबरोबर निवृत्त झालेल्याही होत्या. शेडमधला आवाज साधारण 100 डेसिबल, म्हणजे आपल्याच शेडसारखा. घरी बसलेल्या त्या बायका आल्या म्हणूनच पुढे काय होतं ते दिसलं.

त्यासाठी तयारी पहिल्या दिवशीच हवी. मोबाइल नंबर एक नाही, तीन घ्या: स्वतःचा, गावच्या घरचा, आणि इचलकरंजीतल्या एखाद्या नातेवाइकाचा. सिम दर वर्षी बदलतात, गावचा नंबर सहसा टिकतो. दर सहा महिन्यांनी एक फोन करून ठेवा, काम नसलं तरी. दिवाळीला किंवा होळीला माणसं गावी जातात तेव्हा घरच्या नंबरवर भेटतात.

चाचणी फोनवर होत नाही, पण एका पानाचे प्रश्न होतात. त्या फॉर्मवर सर्वात वर एक रकाना ठेवा: 'उत्तर कोणी दिलं'. गेल्या वर्षी अशाच एका जुन्या कामगाराला फोन लावला. त्याने उचलला, तीनदा 'हॅलो' म्हणाला, चौथ्यांदा वैतागून फोन दुसऱ्याच्या हातात दिला. पलीकडून बाईंचा आवाज आला, "माझ्याशी बोला ताई, त्यांना फोनवरचं कळत नाही." मी पहिला प्रश्न विचारायच्या आधी त्या रकान्यात लिहिलं, 'पत्नी'.